राईतली हवा परत केली

साल १९३८. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि माझी पहार आणि पंप हिर्डोशीच्या देवळात कोंडलेला होता. दाराशी गावच्या बाया बसल्या होत्या.

काम असं. जमिनीच्या पोटात धातूची खाण असली की तिचा वायू मातीतून वर झिरपतो, असं आमच्या पुण्याच्या साहेबांचं म्हणणं. मी पहारेनं कमरेइतकं भोक पाडायचं, नळी घालायची, भोवती चिखल लिंपायचा आणि पंपानं आतली हवा ओढून बाटलीत भरायची. वर बूच आणि मेण. तपासणी साहेब तंबूत करायचे. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण माझ्याइतकी सरळ पहार कुणी ठोकून दाखवावी.

खुंट्या ठोकून आखलेली भोकांची लाईन देवाच्या राईतून जात होती. राईतलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, असा गावचा नेम. म्हातारे गुरव धोंडीबा आडवे आले. मी म्हटलं, पान नेतोय कुठं, हवा नेतोय. गावानं बराच खल केला. शेवटी हवेला नेम नाही, असं ठरलं.

राईत भरलेल्या त्याच बाटलीत वायू सगळ्यांत जास्त निघाला. साहेब काही बोलायच्या आत मी गावात जाऊन सांगून आलो, तुमच्या देवाखाली खाण हाय. वाटलं, गूळ वाटतील. त्यांच्या डोळ्यांपुढं राईवर कुऱ्हाड आली. सामान देवळात गेलं.

साहेब तापले. "पाला कुजून होतो तो वायू. जुन्या रानात कुठंही मिळेल. तुला बोलायला कुणी सांगितलं? पंप आण, नाहीतर घरी जा."

देवळाशी जाऊन मी पाल्याचं सांगितलं.

"काल खाण व्हती, आज पाला," धोंडीबा म्हणाले. "उद्या तिसराच कुणी बाटली हुंगंल. आमची हवा आणून दे."

साहेबांनी तपासून उरलेली हवा बाटलीसकट दिली. वर हसले, ते मला झोंबलं. अख्खं गाव माझ्यामागनं राईत आलं. भोकावर बाटली उलटी धरून मी बूच काढलं. हवा गेली का राहिली, दिसणार कुणाला? म्हटलं, झालं.

"अजून धर," धोंडीबा म्हणाले. "नेताना लई दम धरला व्हतास."

हात भरून आला तेव्हा कुठं सुटका झाली. पंप मिळाला, नोकरी राहिली. साहेबांनी राई लाईनीतून वगळली. त्या डोंगरात खाण काही कुठं निघाली नाही. भोक पाडणाऱ्यानं भोक पाडावं, एवढंच मी शिकलो, आणि तेही मला पुरतं पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बाटली भरून साहेबांच्या हातात दिली. काय असेल हिच्यात, त्यांनी मुद्दाम विचारलं.

"हवा," म्हटलं, आणि पहार खांद्यावर टाकून पुढच्या खुंटीकडं चालायला लागलो.