नवरा घेऊन फिरायला

आमच्या घरात मानसिक आरोग्य हे खातं माझ्याकडे आहे. गॅसचा नंबर लावणं, टाकी भरली की मोटर बंद करणं आणि दिवाळीआधी माळा झाडणं ही खातीही माझ्याचकडे असल्यामुळे हे आणखी एक कधी येऊन बसलं, ते कळलंसुद्धा नाही.

झालं असं, की प्रतापराव (म्हणजे आमचे हे) मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. जाधवांचे पूर्वज मराठा सरकारच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून बडोद्यात आले, असं सासरी अजून सांगतात. घोडा कुठल्या पिढीत गेला ते कोणी सांगत नाही, पण बसायची सवय मात्र राहिली! निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी प्रतापराव बाल्कनीतल्या हिंचक्यावर (झोपाळ्याला इथे हिंचका म्हणतात) बसले, ते बसलेच.

पहिल्यांदा वाटलं, दमलाय माणूस, बसू दे. मग लक्षात आलं, की हे बोलत नाहीत. काहीही विचारा, उत्तर एकच : "हं." भाजी कुठली करू? हं. पंखा बंद करू? हं. घराला आग लागली आहे! हं. (हे मी खरंच म्हणून पाहिलं.) पण मी खरी हादरले ती एका दुपारी. आमटीत मीठ घालायचं मी साफ विसरले आणि हे ती आमटी मुकाट्याने जेवले! लग्न झाल्यापासून ज्यांनी माझ्या आमटीतल्या गुळावरून रोज वाद घातला, ते! माणूस अळणी आमटी कुरकुर न करता जेवायला लागला, की बायकोने डॉक्टर गाठायचा असतो.

मी गाठला.

"शरीर ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले, "मनाला मरगळ आली आहे. रोज सकाळी झाडांमधून चालू दे त्यांना. शांतपणे. काहीही साध्य करायचं नाही."

हे शेवटचं वाक्य मला झेपलं नाही. मी शाळेत पर्यवेक्षिका आहे. काहीही साध्य करायचं नाही, तर माणूस सकाळी उठेल कशाला? पण चालवणं माझ्या हातातलं होतं. शाळेतली अख्खी सहावी इयत्ता मी रांगेतून चालवते, एक नवरा चालवणं काय अवघड?

"उद्यापासून फिरायला जायचं," मी घरी आल्या आल्या जाहीर केलं.

"हं."

"झाडांत."

"हं."

"मीपण येणार."

हिंचका थांबला. "बागेत नको," प्रतापराव म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांनी उच्चारलेले हे पहिले दोन सलग शब्द!

"का बरं?"

"ओळखीचे भेटतात. जो तो विचारतो, 'जाधवभाई, हवे शुं करो छो?' आता काय करता म्हणे! काय सांगू त्यांना? हिंचका करतो?"

असं होतं होय! एवढ्याशा प्रश्नाचा काटा रुतून बसला होता आणि मी इकडे त्यांना बदाम भिजवून देत होते!

"कोणी भेटणार नाही," मी म्हटलं. "फक्त तुम्ही आणि मी. शब्द देते."

मी शब्द दिला, की तो पाळते. शाळेत कोणालाही विचारा.

जागाही मी चोख शोधली. आमच्या समा भागातल्या शेवटच्या सोसायट्या संपल्या, की विश्वामित्री नदीच्या वरच्या काठाने एक पायवाट जाते. कडुनिंब आहेत, बाभळी आहेत, मोर आहेत. खाली पाण्यात मगरी आहेत, पण मगरी कोणाला 'हवे शुं करो छो' विचारत नाहीत.

त्या रात्री माझ्या बहिणीचा, सुनंदाचा, कोल्हापुराहून मेसेज आला. भावोजी कसे आहेत? मी पोळ्या लाटता लाटता तिला उत्तर लिहिलं : 'उद्या सकाळी सहाला नवरा घेऊन निघते आहे, नदीकाठच्या झाडीत. शांतपणे चालायचं, मन मोकळं करायचं. मग घरी चहा-नाश्ता.' आणि फोन बंद करून कपाटात ठेवला. मनःशांतीचा कार्यक्रम म्हणजे फोन बंद, हा माझा नियम. नियम केला, की तो मी आधी स्वतःला लावते!

सकाळी प्रतापराव खरोखरच उठले. बूट घातले. जिना उतरताना चक्क म्हणाले, "हवा बरी आहे." मला आतल्या आत विजय झाल्यासारखं वाटलं. आणि आम्ही गेटपाशी पोचलो.

गेटपाशी जत्रा भरली होती!

सोसायटीतले दहा-बारा जण उभे. सगळ्यांत पुढे तळमजल्यावरचे रमणभाई, पांढरी हाफपँट, गळ्यात शिट्टी. त्यांच्या शेजारी समोरच्या विंगमधल्या कांताबेन, वय पंचाहत्तरीच्या पुढे, साडीखाली नातवाचे स्पोर्ट्स शूज. कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या हातात थेपल्यांचा डबा, आणि एकाने तर भजनांचा स्पीकर आणला होता.

"जय श्री कृष्ण, बेन!" रमणभाई गरजले. "बधा आवी गया! चालो!"

"सगळे आलात ते दिसतंय. पण निघालात कुठे?"

"तमारी साथे ज तो!"

प्रतापरावांनी माझ्याकडे पाहिलं. "शब्द देते, म्हणाली होतीस," ते हळूच म्हणाले, हात पाठीमागे बांधले आणि एकटेच पुढे चालू लागले.

मी रमणभाईंवर उलटले. "तुम्हाला सांगितलं कोणी?"

"तमे ज!" त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "ग्रुपमां. केटलो सरस मेसेज!"

पाहते तर काय! सुनंदाच्या फोटोच्या जागी गणपती आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपच्या फोटोच्या जागीही गणपती. माझ्या पिठाच्या बोटाने या गणपतीऐवजी त्या गणपतीला हात जोडले होते! मेसेजखाली अंगठ्यांची रांग लागली होती.

"बरं, चुकून आला मेसेज," मी म्हटलं, "पण यात तुम्हाला कुठे बोलावलंय? स्वच्छ लिहिलंय, 'नवरा घेऊन'!"

"तो अमे नवरा ज छीए ने!"

"तुम्ही नवरे आहात ते मला ठाऊक आहे, रमणभाई! पण आपापल्या घरी!"

तेवढ्यात रमणभाईंना कोपराने बाजूला सारून कांताबेन पुढे आल्या आणि लाजत म्हणाल्या, "एकला पुरुषो ज नहीं, बेन. हुं पण नवरी छुं!"

पंचाहत्तरी ओलांडलेल्या कांताबेन, भल्या पहाटे, स्पोर्ट्स शूज घालून, नवरी! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. ज्याला काही कामधंदा नाही, तो नवरो. 'हुं नवरी छुं' म्हणजे मी मोकळी आहे. बडोद्यातल्या मराठी माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. उलट प्रत्येक लग्नात बाहेरगावच्या पाहुण्यांना हा विनोद सांगून हसवण्याचं काम वर्षानुवर्षं मीच करत आले आहे! आणि त्याच मी सोसायटीतल्या समस्त रिकामटेकड्या जनतेला निसर्गात फिरायला आणि वर चहा-नाश्त्याला बोलावलं होतं.

आता त्यांना परत पाठवणं शक्य नव्हतं. थेपले कांताबेननी पहाटे उठून केले होते. पण प्रतापरावांना गाठून खरा प्रकार सांगणं भाग होतं, कारण त्यांच्या लेखी मी शब्द मोडला होता. ते पुढे, मध्ये अख्खी वरात, मागे मी! पायवाट एकाच माणसाच्या रुंदीची. एका बाजूला बाभळीचे काटे, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली मगरींची नदी. मी ओव्हरटेक करायला गेले, की स्पीकरवाले गृहस्थ नेमके मोर बघायला थांबत. "बेन, जुओ, मोर!" मी म्हणायची, "पाहिला, पाहिला, सरका!"

आणि मग मला दिसलं, की रमणभाई लगबगीने प्रतापरावांच्या अगदी मागे पोचले आहेत. त्यांनी घसा साफ केला. "जाधवभाई, तो पछी, हवे शुं क..."

"मौन!!!"

हा माझा शाळेतला आवाज. प्रार्थनेच्या वेळी तो मागच्या मैदानापर्यंत जातो. रमणभाईंचा प्रश्न घशातच राहिला, भजन बंद पडलं, मोरसुद्धा गप्प झाला.

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी ठोकून दिलं. "मन मोकळं व्हायचं असेल, तर झाडीत एक शब्द बोलायचा नाही. कोणीही!"

मंडळी फार गुणी. सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. प्रश्न टळला! आणि दोन पावलं चालल्यावर मला कळलं, की आता मलाही बोलता येणार नाही. मी नुसतं "अहो..." म्हटलं, तर कांताबेननी गर्रकन वळून "शूऽऽ!" केलं आणि मला डोळे वटारून दाखवले! सहावी इयत्ता मला असं करायला धजली नसती.

शेवटी मी युक्ती काढली. झाडाला मिठी मारली की मन हलकं होतं, असं एका व्हिडिओत पाहिलं होतं. मी टाळी वाजवली, सगळ्यांना थांबवलं आणि खुणेने सांगितलं : प्रत्येकाने एकेक झाड धरा. लगेच प्रत्येकाने एकेक कडुनिंब कवटाळला. रस्ता मोकळा! मी सरळ पुढे गेले. प्रतापराव काठाशी नदीकडे बघत उभे होते. त्यांच्याजवळच्या झाडाला मी मिठी मारली आणि खोडाआडून कुजबुजले, "अहो, ऐका ना, मी ह्यांना बोलावलं नव्हतं..."

ते वळले नाहीत. मी मिठी आणखी घट्ट केली, गाल खोडाला टेकवला. "शप्पत सांगते, तो मेसेज..."

त्या झाडावर मुंगळे होते.

एक मानेवर, दोन बाहीत, बाकीचे कुठे कुठे ते सांगण्यासारखं नाही. ओरडायची सोय नाही, मौन मीच पुकारलेलं! मी निमूटपणे नाचायला लागले. एक पाय वर, एक हात झाडून, गिरकी, पुन्हा पाय, पुन्हा गिरकी. आणि मागे वळून बघते तर काय, सगळी मंडळी झाडं सोडून हुबेहूब तसंच करताहेत! एक पाय वर, हात झाडून, गिरकी! कांताबेन तर माझ्याहून ठेक्यात. त्यांना वाटलं, हा पुढचा व्यायाम! बडोद्याची माणसं, गिरकी दिसली की पाय थांबतात होय? रमणभाईंनी गरब्यातली त्रण ताळी, म्हणजे तीन टाळ्यांचा ठेका, सुरू केली आणि त्या झाडीत, मगरींच्या साक्षीने, आश्विन महिना नसताना मुका गरबा रंगला!

"काय चाललंय हे?" प्रतापराव ओरडले.

"मुंगळे!" मीही ओरडले. मौन गेलं खड्ड्यात! "आणि मी शब्द मोडलेला नाही! सुनंदाला लिहिलं, 'नवरा घेऊन निघते आहे', आणि ते गेलं सोसायटीच्या ग्रुपवर! म्हणून हे सगळे नवरे आले!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रमणभाईंकडे, मग कांताबेनच्या बुटांकडे. "नवरा घेऊन," ते पुटपुटले. आणि हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग ते तिथेच एका दगडावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी मुंगळे झटकायची थांबले. (दोन चावले, चावू दिले.)

मौन सुटलेलं पाहून रमणभाईंनी मघाचा घशात अडकलेला प्रश्न अखेर बाहेर काढला. "जाधवभाई, हवे शुं करो छो?"

मी डोळे मिटून घेतले.

"हुं?" प्रतापराव डोळे पुसत म्हणाले. "हुं तो नवरो छुं!" आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एमनो." म्हणजे हिचा!

रमणभाईंनी शिट्टी वाजवली. काय कळलं कोणास ठाऊक, पण सगळे हसले.

घरी येऊन सगळ्यांनी चहा घेतला, थेपले खाल्ले, मी केलेले पोहे खाल्ले. पहिला घास घेऊन प्रतापराव भर बैठकीत म्हणाले, "पोह्यांत मीठ नाही."

नव्हतंच. मी मुद्दाम घातलं नव्हतं. तपासणी करून घेतलेली बरी असते.

आता आमच्या सोसायटीत नवरा मंडळ आहे. प्रतापराव त्याचे म्होरके. रोज सकाळी सगळ्यांना घेऊन नदीकाठी जातात, पक्ष्यांची नावं ठामपणे चुकीची सांगतात आणि परत आल्यावर माझ्या चहातल्या साखरेवर तासभर बोलतात. डॉक्टर खूश आहेत. हिंचका रिकामा असतो. आणि मी मंडळाचा चहा-नाश्ता बघून, धावत धावत शाळेची बस पकडते.

परवा गेटपाशी कांताबेन भेटल्या. "बेन, तमे चालवा केम नथी आवतां?" त्यांनी मायेने माझा हात धरला. "मन सारुं रहे. नवरी पडो त्यारे आवजो." मोकळी झाले, की फिरायला यायचं म्हणे!

म्हटलं, "कांताबेन, मी आयुष्यात एकदाच नवरी झाले, ती आमच्या लग्नात. त्यानंतर आजतागायत नवरी पडलेली नाही!"