मुक्ताचा नॅशनल डे

ब्याण्णव साली मी निघालो तेव्हा मिरज स्टेशनवर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकच सूचना केली: "कुणी विचारलं तर मिरजेचा म्हणून सांग. उगाच मुंबईचा म्हणू नकोस." अबुधाबीत ते कुणी विचारलंच नाही. गावी मी सतारमेकर गल्लीतला होतो, अण्णांचा धाकटा होतो. तिकडे नुसता इंडियन झालो.

पहिल्याच पंधरा ऑगस्टला दूतावासात झेंडावंदनाला गेलो. देशप्रेमाने नव्हे. खोलीतले दोघे सुट्टीवर होते, आठवडाभर ऑफिसबाहेर कुणाशी बोललो नव्हतो. तिथे माणसं असतील आणि लाडूही, असं कळलं होतं. राष्ट्रपतींचा संदेश लांबतच गेला. पण राष्ट्रगीत सुरू झालं आणि माझा आवाज फाटला. शेजारच्या मल्याळी गृहस्थाने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं; तोही डोळे पुसत होता. माणूस पुरेसा एकटा पडला की देशभक्त होतो, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

पुढे लग्न झालं, मुक्ता तिथेच जन्मली. एकदा तिला म्हटलं, "आपण इंडियाचे."

"यू आर, बाबा. आय ॲम फ्रॉम अबुधाबी."

तिचा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला आहे, हे चौथीतल्या पोरीला कसं सांगणार? नोकरी खलास झाली तेव्हा सांगावंच लागलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिच्या पासपोर्टावरचं जन्मस्थान वाचलं आणि कौतुकाने विचारलं, "यू फ्रॉम हिअर, हबीबती?" ती ताठ उभी राहून "येस" म्हणाली. त्याने देश सोडल्याचा शिक्का मारला.

आता आम्ही पुण्यात. शाळेत तिला दुबईवाली म्हणतात. ती हल्ली दुरुस्त करत नाही, मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते. गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला बघतो तर बाल्कनीत स्टुलावर चढून ती दिवाळीच्या दिव्यांची माळ बांधत होती.

"आता कसली दिवाळी?"

"इट्स नॅशनल डे, बाबा. तिकडे सगळीकडे लावल्या असतील."

आतून बायको म्हणाली, "अहो, तिला समजवा. तो आपला देश नाही."

खालून शेजारच्या काकांनी विचारलं, "काय हो, कुणाचं लग्न?"

तिकडे राहिलेल्या मित्रांनो, मी स्टूल धरून उभा राहिलो. माळ लागली. एवढ्या कमी गर्दीत साजरा झालेला राष्ट्रीय दिन मी तरी पाहिलेला नाही.