चारशेचा रोल

मे महिना जवळ आला की मला शहापुरात स्वस्थ बसवत नाही. नोकरी इथे, संसार इथे, पण जीव मुरबाडला, कारण मे महिन्यात बाबांना सिद्धगडच्या जंगलात जायचं असतं. गड चढायला नव्हे. पायथ्यापासून जरा वर दाट झाडी आहे, तिथे बसून शेकरूचे फोटो काढायचे, एवढाच त्यांचा वर्षाचा सण. आईला त्या जंगलाचं कौतुक नाही आणि भावाला सुट्टी नाही, म्हणून सोबतीला लहानपणापासून मी. लग्नानंतरही हा नेम मोडला नाही. माझ्या नवऱ्यानं पहिल्या वर्षी विचारलं होतं, की खारीसाठी दोन दिवस? मग त्यानंही नाद सोडला.

बाबांचा मुरबाडच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. तालुक्यातली निम्मी लग्नं आपणच काढली, असं ते स्वतःच सांगतात. मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला, गाळ्यात आता चपलांचं दुकान आहे. डिजिटल कॅमेरा त्यांनी शेवटची काही वर्षं लग्नांत वापरला, पण त्याच्याविषयी ते शेजाऱ्याच्या आगाऊ पोराविषयी बोलावं तसं बोलतात. जंगलात जाताना मात्र अजून तोच जुना, रोलचा कॅमेरा.

यंदा सामान निवडायची वेळ आली आणि मी रोलपाशीच अडले. बाबांचा उजवा हात थरथरायला लागलाय.

दिवाळीच्या सुमारास मला पहिल्यांदा दिसलं. आई आता त्यांचा कप अर्धाच भरते आणि तो संपला की दुसरा अर्धा आणून देते. बाबा दोन्ही अर्धे पितात. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्यांना घरात सकाळच्या गोळ्या म्हणतात. कशाच्या, ते कोणी उच्चारत नाही. माहेरी-सासरी तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे, पण या बाबतीत मीही मिठाची गुळणी धरून बसले होते.

आणि रोल निवडायचा तर नेमकं तेच बोलावं लागणार होतं. शंभरचा रोल, म्हणजे डबीवर वेगाचा आकडा शंभर असलेला, उजेड सावकाश घेतो. फोटो सुरेख येतो, पण तेवढा वेळ हात जागच्या जागी राहायला हवा. चारशेचा रोल झटकन काम उरकतो, हात जरासा हलला तरी निभावून नेतो. सिद्धगडच्या झाडीत भर उन्हाळ्यात दुपारीसुद्धा उजेड गाळून खाली येतो. तिथे बाबा जन्मभर शंभरचाच रोल वापरत आले, तोही लांबच्या जड लेन्सवर आणि स्टँडशिवाय. बाबांचा हात हा आमच्या घरातला एकमेव दागिना होता म्हणा ना.

मी मागवताना दोन्ही रोल मागवले. शंभरचेही आणि चारशेचेही. उन्हाळ्यात खराब होऊ नयेत म्हणून शहापूरच्या माझ्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी ते आठवडाभर होते. दार उघडलं की मी आज एकाच्या बाजूनं, उद्या दुसऱ्याच्या. भाजी काढायला जायचे आणि रोल हातात घेऊन उभी राहायचे. चारशेचा पुढे केला तर बाबांना लागेल. शंभरचा दिला आणि सगळे फोटो हलले तर त्याहून जास्त लागेल, आणि मग पुढच्या वर्षी ते येणारच नाहीत, याची मला खात्री होती. मला तेच नको होतं. त्यांनी जंगल सोडू नये, बाकी काहीही होवो.

किन्हवलीच्या रस्त्यानं एसटीतून मुरबाडला जाताना मी मनातल्या मनात भाषण तयार केलं, सरळगाव येईपर्यंत ते दोनदा मोडलं.

घरी बाबांनी पलंगावर गोधडी पसरून सामान मांडूनच ठेवलं होतं. कॅमेरा, लांबची लेन्स, फुंकर मारायचा रबरी फुगा, धुतलेलं धोतराचं फडकं. मी पिशवीतून चारशेचे रोल काढून त्यात ठेवले. शंभरचे पर्समध्येच होते.

"हे काय गो?" बाबा म्हणाले.

"यंदा चारशेचे घेऊया. झाडी वाढलेय तिथं. उजेड कमी पडंल."

"झाडी काय यंदाच वाढली?"

"गेल्या वर्षीचे फोटो काळोखे नव्हते आले?"

"नव्हते," बाबा म्हणाले, आणि ते खरंच नव्हते. "चारशेच्या रोलात दाणे येतात. शेकरूच्या अंगावर रवा सांडल्यागत दिसतो."

"मग स्टँड तरी घ्या."

"जंगलात स्टँड घेऊन जायचा म्हंजे लग्नाला घरनं खुर्ची घेऊन जायची."

आई दारात उभी राहून ऐकत होती. मी झाडीवर बोलत राहिले, ढगांवर बोलले, वणव्याच्या धुरावर बोलले. मला माझाच राग येत होता. पाऊण तास मी उजेडावर बडबडले आणि ज्यावर बोलायचं होतं तो हात समोर गोधडीवर पडला होता, बोटं एकसारखी काहीतरी चिवडत असल्यासारखी हलत होती. मग बाबांनी एकदम कॅमेरा उचलून पिशवीत घातला.

"बरं. चारशेचाच घे."

मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटेना. भाजीच्या पिशवीवरूनही जो माणूस तासभर वाद घालतो, तो इतक्या मुकाट्यानं बरं म्हणाला कसा? त्या संध्याकाळी मी पिशवी तीनदा भरली आणि तीनदा उपसली. शंभरचे रोल एकदा आत घातले, परत काढले. आईनं शेवटी पिशवी माझ्या हातातून ओढून भिंतीच्या खुंटीला टांगली आणि म्हणाली, "जेव आता."

दुसऱ्या दिवशी म्हसामार्गे जीपनं पायथ्याच्या गावात पोचलो. ओळखीच्या घरी भाकरी खाल्ली आणि ऊन कलल्यावर झाडीत शिरलो. रोल मीच भरला. बाबा तेवढ्यात करवंदाच्या जाळीकडे तोंड करून उभे राहिले, मला सोपं जावं म्हणून.

पाला इतका वाळला होता की पावलागणिक पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. बाबांच्या गळ्यात कॅमेरा, मी दोन पावलं मागे. त्यांची नजर अजून तशीच पक्की. धनेश दाखवला, घुबडाची ढोली दाखवली, उंबराच्या फांद्यांत काटक्यांचं शेकरूचं घरटं दाखवलं. पण कॅमेरा डोळ्याला लागत नव्हता. धनेश चांगला पानं बाजूला सारून बसला होता, चोच आमच्याकडे करून. बाबा नुसते बघत राहिले.

"काढा ना," मी म्हटलं.

"उजेड नाय."

पुढे एक मोर रस्त्यातच आडवा आला. "काढा की."

"उजेड नाय गो."

माझा तोल गेला. माझा तोल जायला फार काही लागत नाही, पण बाबांवर मी कधी ओरडले नव्हते. "मीटरची सुई बघा. उजेड हाय, रोल चारशेचा हाय, अजून काय पायजे तुमाला?"

बाबा थांबले. वळून माझ्याकडे बघत त्यांनी उजवा हात पुढे केला. आंबा मागावा तसा, तळवा वर करून. तो हलत होता.

"चारशेचा का आणलास ते मला कळत नाय व्हय? माजा हात हलतो म्हणून आणलास."

"हो."

"मग तसं सांग. झाडी वाढली, धूर आला, काय काय बोललीस काल. मी स्टुडिओत बसून लोकांच्या मुली गोऱ्या केल्या, मला नको शिकवू."

मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम करता येत नाहीत म्हणून मी पाल्यावर बसले. बाबाही शेजारी बसले. दिवाळीपासून जे घरात कोणी बोलत नव्हतं ते असं दोन वाक्यांत होऊन गेलं. त्यांनी सांगितलं की सदऱ्याचं बटण लावताना हात हलत नाही, पण कुणी बघत असलं की हलतो. सांगितलं की भीती वाटते. बाबांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

तेवढ्यात उंबरात खसखसलं. शेकरू शेंड्याकडून उतरत मधल्या फांदीवर आलं, शेपूट खाली सोडून उंबर खाऊ लागलं. बाबांनी माझ्या दंडाला धरून उठवलं, त्याच्याकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः मागे आले. लेन्स माझ्या खांद्यावर टेकली.

"हलू नको."

मी श्वास कोंडला. लेन्सचं वजन माझ्या हाडावर होतं आणि त्यातून बाबांच्या हाताची थरथर माझ्यात उतरत होती. इतके महिने मी ती लांबून बघत होते, आता ती माझ्या खांद्यात होती. मी दात आवळून उभी राहिले. कानाशी खटका वाजला. पुन्हा वाजला. रोल संपेपर्यंत शेकरू तिथेच होतं आणि मी तसूभर हलले नाही, हे मी शपथेवर सांगेन.

रोल मुंबईला धुवायला गेला. फोटो मुरबाडच्या पत्त्यावर यायचे होते, आणि ते येईपर्यंत मी आईला रोज फोन करून भंडावून सोडलं. आल्याचं कळलं तशी अर्धी रजा टाकून एसटीत बसले.

बाबा खिडकीशी भिंग घेऊन बसले होते. सगळे फोटो हलले होते. एकात शेकरू म्हणजे तांबडा ओरखडा, एकात फांदीला दोन कडा. एकच त्यातल्या त्यात बरा होता. शेपूट कळत होतं, डोळ्याची चमकही लागली होती, बाकी सगळं वाऱ्यावर. स्टुडिओत असा हललेला फोटो बाबांनी गिऱ्हाइकाला कधी दिला नाही. समोरच फाडत आणि गिऱ्हाइकाला पुन्हा फोटोला बसवत.

तो फोटो पुढे धरून त्यांनी मला विचारलं, "तुजा खांदा हलला व्हता का गो?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. हो म्हणायला काय लागत होतं?

"नाय बाबा," मी म्हटलं. "मी नाय हलले."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. फोटो उलटा केला, परत सुलटा केला.

"मंग मीच," ते म्हणाले. फोटो त्यांनी माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे हा. शेकरू हाय त्यात."