उजव्या पाटाचा पाणकर

अश्विन वद्य तृतीया, सन १९३७. ओसरीवर लाखोरीची डाळ पाखडत होते, तेवढ्यात डाव्या पाटावरचा एक शेतकरी चपला न काढताच आत आला.

"वयनी, कुठं हायेत पाणकर? माहा धान वाळून रायला. उजवीकडं दोनदा पाणी गेलं, आमच्याकडं थेंब नाही. काऊन? आमी का मेलो?"

माझे यजमान गावतळ्याचे पाणकर. तळ्याचं पाणी सोडायचं आणि वाटायचं, ही पाणकी आमच्या घरी तीन पिढ्यांची. तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, पाणी दोन पाटांत फुटतं, एक डावीकडच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, एक उजवीकडच्या. तिथे पाटाच्या तोंडाशी अडवलेली माती पाणकराच्याच फावड्याने निघायची. दुसऱ्याने हात लावला तर दंड.

यजमान आतूनच ओरडले, "दोन्हीकडं सोडलं. माले का वाटणी शिकवून रायला?"

"आज दुपारी चावडीत पंच बसून रायले," शेतकरी म्हणाला. "पाणकी जाते का रायते, थेच पाहू." आणि गेला.

पोळ्याला यजमान अंगणात कोसळले होते. डावा हात लुळा पडला, बोलणं शाबूत राहिलं. हाताचं विचारलं तर म्हणत, "त्याले का झालं? चांगला हाय." तेव्हापासून गावात निदान करणाऱ्यांना ऊत आला. वैदूने डोक्यात उष्णता चढल्याचं सांगून टाळूवर लिंबू चोळलं. देवऋष्याने करणी सांगितली आणि आमचा कोंबडा नेला. डाव्या पाटवाल्यांनी लाच ठरवली. उजव्या पाटवाल्यांचं मत मात्र असं पडलं, की दुखण्यातून उठल्यापासून पाणकराची बुद्धी कधी नव्हे इतकी शुद्ध झाली आहे.

मीही काही शहाणी नव्हते. ते रोज अर्धा भात टाकायचे आणि वर "भात कमी वाढला" म्हणून कुरकुरायचे. नखरे समजून मी महिनाभर भांडले. शेवटी गोंदियाला नेलं. डॉक्टरने त्यांना पाटीवर झोपडी काढायला लावली. त्यांनी उजवी भिंत काढली, उजवं छप्पर काढलं आणि समाधानाने खडू ठेवला.

"आंख ठीक है," डॉक्टर म्हणाला. "दिमाग के दाहिने हिस्से को धक्का लगा है. बाईं तरफ इनका ध्यान ही नहीं जाता."

हे मी गावात सांगितलं. लोक म्हणाले, दिमाग उजवीकडचा बिघडला तर उजवीकडचंच पाणी बंद व्हायला पाहिजे होतं.

चावडीत बायकांनी जायचं नसतं. मी भाताचं ताट घेऊन गेले. ताट घेतलेल्या बाईला कोणी अडवत नाही. पंचांसमोर यजमानांपुढे ताट ठेवलं. विळ्याने कापावा तसा त्यांनी बरोबर उजवा अर्धा भात संपवला आणि म्हणाले, "वाढ अजून."

मी ताट फिरवलं.

"हां, आता कसा," म्हणत ते पुन्हा जेवू लागले.

पाटील पुढे वाकले. "डोळे गेले का यायचे, पाणकराचे?"

"डोळे आहेत. डावी बाजू आहे, हेच डोक्याला कळत नाही."

पाटलांची सगळी शेती उजव्या पाटावर. त्यांनी बराच विचार केला. "म्हंजे यायची चूक नाही. मंग पाणकी यायच्याकडंच राहू द्या. जसं चालून रायलं, तसंच चालू द्या."

"अन् मी का खाऊ?" डाव्या पाटवाला उसळला. "तुमचं ताट फिरवून देता का?"

पंच हसले, पण निकाल लागला. उद्या दुपारपर्यंत डाव्या बांध्यांत पाणकराच्याच फावड्याने पाणी पोचलं तर पाणकी राहील, नाहीतर दुसऱ्या घरी जाईल. यजमानांना एवढा गोंधळ कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी हात धुतला, उजवाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पाट फुटतो तिथे नेलं आणि बांध्यांकडे पाठ, तळ्याकडे तोंड करून उभं केलं. डावा पाट उजव्या हाताला आला. "अरे, हा तं बंदच हाय!" असं म्हणून त्यांनी एका हाताने फावडं मारलं आणि माती उडवली. पाणी वाहू लागलं. त्यांना तिथेच बसवून मी दुसरं फावडं घेतलं आणि पाटाच्या कडेने पार शेवटच्या बांधीपर्यंत चालत गेले. उजवीकडचा कोणीतरी मध्येच पाट अडवणार, हे समजायला डॉक्टर लागत नाही.