डावं चाक आणि ह्यांचे हात

आमचा ट्रॅक्टर डावीकडे ओढायला लागला, तेव्हा घरात सगळ्यांनी आधी ह्यांच्या हातांकडे बघितलं. ट्रॅक्टरकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

ह्यांचं वय झालंय, ते मी कुठे नाकारते? चहाची बशी तोंडाशी नेताना थोडी हलते. मुलगा महाडला कारखान्यात कामाला, सुट्टीला गावी येतो. तो म्हणाला, "बाबा, आता चावी माझ्याकडं द्या. परवा बांधावर चढवलात, उद्या हायवेवर कुणाच्या अंगावर घालाल." त्यानंतर दोन दिवस ह्यांची भाकरी अर्धी अर्धी ताटात राहायला लागली. ट्रॅक्टरवरनं उतरवलेला हा माणूस दिवसभर करणार काय, त्याचाच मला घोर.

आणि मनात एक कोडं पण होतं. हात थरथरतात तर ट्रॅक्टर दोन्हीकडे जायला हवा ना? हा दर वेळी डावीकडेच कसा जातो?

मी मुलाला म्हटलं, "तूच चालव बघू."

तो वळणापर्यंत गेला नि परत आला. ट्रॅक्टर डावीकडे, पुढची चाकं लटलट करतायत. म्हणतो, "मला सवय नाय."

हे पायरीवरनं म्हणाले, "तुझे पण हात थरथरतात काय रे?" दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

पोलादपूरच्या मिस्त्रीने आधीच स्टेअरिंगचा बॉक्स आवळून दिला होता. त्याने स्टेअरिंग तेवढं जड झालं, ओढ काही गेली नाही. म्हणजे दुखणं खाली कुठेतरी होतं. मी म्हटलं, चाक उचला. मागच्या चाकांना दगड लावले, पुढे जॅक, आणि जॅकवर भरवसा नको म्हणून खाली लाकडाचा ओंडका. ह्यांनी डावं चाक वर-खाली धरून हलवलं. टक. टक.

"बेअरिंग असंल," मुलगा म्हणाला.

"थांब रे, लगेच नाव नको ठेवूस," मी म्हटलं.

चाकाचा उभा दांडा जिथे आडव्या कण्यात शिरतो, तिथे मी वरनं बोट ठेवलं. ह्यांनी परत हलवलं. प्रत्येक टक माझ्या बोटाला लागली. उजवीकडे तसंच केलं, तर बोटाला काहीच नाही. मला तर आमचं जातंच आठवलं. मधली खीळ झिजली की वरची पाळ डगडगते, मग बाई कितीही नीट ओढू दे, पीठ एका अंगाला जाडच पडतं. आणि बोल दळणारणीला!

त्या उभ्या दांड्याला मिस्त्री किंगपिन म्हणतात, हे मला मागाहून कळलं. पण एकाच बाजूची का झिजावी? मी खाली वाकून बघितलं. ग्रीस भरायच्या तोंडावर चिखलणीचा चिखल सुकून दगड झालेला, आणि त्याच्यावर ग्रीसचा हा एवढा गोळा. आत थेंब गेला नव्हता.

"अहो, भरताना बघत नाय काय?"

"बघू कसा गो? पडवीत लावला की ती बाजू भिंतीला लागते. हात घालून अंदाजानं भरतो."

भिंत! दोन वर्षांपूर्वी मुलाने पडवीला लागून न्हाणीघर बांधलं, त्याचीच ती भिंत. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"आये, आता सगळं माझ्यावर आलं काय?" तो म्हणाला.

"भिंत डावीकडे, ट्रॅक्टर पण डावीकडे जातो, मी काय करू?" हे म्हणाले.

मिस्त्रीने पिन आणि तिच्याभोवतीचे बुश नवीन घातले, चिखल खरवडून ग्रीस भरलं. हे शेताकडे निघाले तेव्हा मी मागनं चाकोरी बघत चालले. ओल्या मातीत दोन रेघा, सरळ. एका ठिकाणी जराशा वळल्या होत्या. खोटं कशाला सांगू, तिथे खड्डाबिड्डा काही नव्हता.

संध्याकाळी मीच म्हटलं, "शेतात चालवा खुशाल. हायवेवर मात्र नाय." हे थोडे कुरकुरले. मग ट्रॅक्टर पडवीत उलटा घातला, डावं चाक मोकळ्या बाजूला येईल असा. चावी खुंटीला अडकवली आणि जेवायला बसले. भाकरी पुरी संपली.