बसवलेल्यांचा लाल शर्ट

शनिवारी दुपारी बायकोच्या सुईत मी दोरा ओवून दिला. दोघांनी मिळून रोज करायचं एवढंच काम उरलं होतं आमचं. तिला सुईचं नाक दिसायचं नाही, माझा हात थरथरायचा. म्हणून सुई ती धरायची, दोरा मी घालायचो. लाल कापडाचे दोन शर्ट शिवले होते तिनं, एक तिला, एक मला. माझं खालचं बटण राहिलं. बाहेर मुलगा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता.

"राहू द्या," ती म्हणाली, "खोचायचाच तर आहे."

सुई दोऱ्यासकट कॅलेंडरला टोचून आम्ही निघालो.

नातीला इथल्या, परदेशातल्या कॉलेजनं बास्केटबॉलसाठी निवडून नेलं होतं. पहिलंच वर्ष. तिनं फोनवर सांगितलं, कोचनं मला रेडशर्ट केलंय. आम्ही समजलो, लाल शर्ट म्हणजे मान. जास्त विचारलं नाही. हिनं त्याच आठवड्यात कापड आणलं.

हॉल गच्च भरलेला. नातीची टीम निळ्या कपड्यांत. लाल आम्ही दोघंच. नात बाकाच्या टोकाला बसून टाळ्या वाजवत होती.

मागच्या रांगेत इथल्या मराठी मंडळातले एक काका. काका सगळे म्हणतात, आहेत माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पहिल्या भेटीत त्यांनी मला गाव विचारलं, मग आडनाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. तेव्हापासून माझ्या हातचं ताट घेत नाहीत. पोट भरलंय म्हणतात.

ते वाकून म्हणाले, "अहो, रेडशर्ट म्हणजे बसवलेली पोरगी. वर्षभर सराव करायचा, मॅच खेळायची नाही. तुम्ही तर त्याचा युनिफॉर्म शिवून आणलात."

आजूबाजूचे हसले.

"घाई कसली?" ते म्हणाले. "थांबायची सवय असतेच की तुमच्यात."

तुमच्यात. मला कळलं. तिलाही कळलं.

तिनं कोट घातला. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. हॉलमध्ये हीटर चालू होता, कपाळावर घाम. कोट काढला नाही.

आणि मी गप्प बसलो.

बसणं मला नवीन नाही. दुसरीत मला दोनदा बसवलं. नापास नव्हतो. बाप हात जोडून उभा राहिला, तर गुरुजी म्हणाले, "तुझ्या पोराला घाई कसली?" तिसऱ्या वर्षीही चपलांजवळच बसवायला लागले, तशी शाळा सुटली. लिहायला मला पुढे बायकोनं शिकवलं. हे लिहितोय ते तिच्याच वळणाच्या अक्षरात.

परतताना गाडीत तिनं एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी खेळेल ना ती?"

"खेळेल."

"मग बघू."

बुधवारी बायको गेली. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. हृदय बंद पडलं.

कोट दाराशी टांगलेला आहे. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आत कुणी उभं आहे असंच वाटतं. पाणी प्यायला उठलो की मी त्याच्याकडे बघत नाही. तरी मागून आवाज येतो. पुढच्या वर्षी खेळेल ना ती?

तिच्या पुण्यानुमोदनाला नात आली. ते काकाही आले. हॉलच्या दाराशी उभ्याउभ्या हात जोडले, पाणीसुद्धा न घेता गेले. लोक पांगल्यावर मी नातीला बाजूला घेतलं. तिनं सगळं समजावलं. या वर्षी बसलं तर शेवटी एक वर्ष जास्त खेळता येतं. अंगात ताकद येते. वर्ष वाया जात नाही. कोचबाई म्हणाल्या होत्या, नो रश.

पुन्हा तेच. घाई कसली.

समजलं मला. पोर जखमी असेल, कच्ची असेल, तिला स्वतःला थांबायचं असेल, तर खुशाल थांबू दे. मी विचारलं, "तुला बसायचंय का?"

ती म्हणाली, "नोबडी आस्क्ड मी, आबा."

"तुझं तू बोल. मी बाजूला उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरवरची सुई काढली. दोरा मी ओवलेला, सुई तिनं धरलेली. राहिलेलं बटण माझं मीच लावलं. वाकडं बसलं. शर्ट घातला, न खोचता. कोटासमोर थांबलो. या वेळी बघितलं त्याच्याकडे. मग बस पकडून कॉलेजात गेलो. नात जिमच्या दारात वाट बघत होती.

कोचबाई चांगल्या होत्या. बायको गेल्याचं त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः खुर्ची ओढली.

"प्लीज, सर. सिट."

"नो," मी म्हणालो. "फर्स्ट आस्क हर."

आणि उभा राहिलो.