नैनीतालला किती खर्च येणार?

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या मोठीने मला विचारलं की तिकडच्या ऑफिसातल्या आपल्याकडच्या दोघी-तिघी मी सुट्टीवरून आल्या आल्या "किती खर्च आला?" म्हणून खोदून खोदून विचारतात, त्यांना काय सांगू. धाकटा मागून म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय, असं सांग." मी हसून विषय बदलला, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ अस्वस्थ होते. हा प्रश्न मला एकदा फार महागात पडला आहे. ती गोष्ट माझ्याशिवाय तुमच्या आजोबांनाच पूर्ण माहीत होती आणि ते गेल्या वर्षी गेले. तुमच्या बाबांना अजून वाटतं की तेव्हा पणजीचे गुडघे दुखत होते. म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा मी अंधेरी पूर्वेला एका निमसरकारी कचेरीत पत्रव्यवहार विभागात होते. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. दुपारी एक वाजता आम्ही सहा-सात जणी दोन टेबलं जोडून जेवायला बसत असू. त्या टेबलाचा एक नियम होता, कुणी कधी ठरवला नव्हता तरी सगळ्या पाळत: कुठल्याही नव्या गोष्टीचा भाव सांगायचा. साडी, कुकर, मुलाची शिकवणी, सगळ्याचा. "कितीला पडलं गं?" हा प्रश्न तिथे "जेवलीस का?" इतकाच साधा होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. दुसऱ्याला पैशाचं विचारू नये हे नन्सनी आमच्या अंगात मुरवलेलं. पण खरं सांगायचं तर त्या टेबलामुळेच मला चादरी कुठे स्वस्त मिळतात ते कळलं, आणि मीही माझ्या गॅसच्या शेगडीचा भाव बिनतक्रार सांगितला होता.

त्या वर्षी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत नैनीतालला जायचं ठरवलं. ऑफिस दर काही वर्षांनी प्रवासभाडं देत असे, त्याला सगळे एलटीसी म्हणत. मी, आजोबा, तुमचे बाबा आणि तुमची आत्या, असे चौघे त्यात बसत होतो. पाचवी जाणार होती तुमची पणजी, म्हणजे माझी आई.

आई मुलुंडला माझ्या भावाकडे राहायची. चौथीत असताना तिने भूगोलाच्या पुस्तकात हिमालयाचं चित्र पाहिलं होतं, आणि साठी उलटल्यावरही ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. तिला देवळं नको होती, बर्फाचा डोंगर बघायचा होता. माझे बाबा असताना जमलं नाही. भावाने नक्की नेलं असतं, पण त्याच्या कारखान्याला सहा महिने टाळं लागलेलं होतं आणि तो घरी बसून होता. राहिले मी. आणि मी नेलेलं तिला चालणारच नव्हतं, कारण आई जुन्या वळणाची. लग्न झालेल्या मुलीच्या पैशाने काही करून घ्यायचं नाही म्हणजे नाही. अंधेरीला दोन दिवस राहायला आली तरी जाताना मुलांच्या हातावर नोटा ठेवून जायची, म्हणजे खाल्लेल्याचं फिटलं.

तोडगा तुमच्या आजोबांनी काढला. म्हणाले, "ऑफिस देतं म्हणून सांग." मी आईला सांगितलं की ऑफिसकडून तिचंही तिकीट मिळतं आणि वापरलं नाही तर फुकट जातं. फुकट जातं हे ऐकल्यावर ती लगेच तयार झाली. खरं तर माझ्या आईला ऑफिस काही देणार नव्हतं. आईवडील आपल्यावर पूर्ण अवलंबून असतील आणि आपल्याच घरी राहत असतील, तरच त्यांचं भाडं मिळे. मी तिचं तिकीट वेगळं काढलं, पगारातून. फॉर्मवर चौघांचीच नावं लिहिली. सगळं व्यवस्थित बसवलं होतं, असं मला वाटत होतं.

आमच्या टेबलावर मुलुंडहून येणारी एक होती. तिचं नाव लिहीत नाही, मुलुंडची म्हणते. माझ्याच वयाची, मोठ्या आवाजाची, मनाने वाईट मुळीच नव्हती. ती आणि आई एकाच भजनी मंडळात होत्या. आईने मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं की ती हिमालय बघायला चालली आहे. दुसऱ्या दिवशी डबे उघडतानाच मुलुंडचीने विचारलं, "काकूपण येतायत म्हणे. मग पाच जणांचे किती होणार गं?"

मी म्हटलं, अजून हिशोब केला नाही. त्यावर सगळ्या हसल्या. मी पेन्सिलींचाही हिशोब ठेवते हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या दिवशी तोच प्रश्न आला, तेव्हा मी म्हटलं की जाऊन आल्यावर सांगते. तिसऱ्या दिवशी मी उलट विचारलं की तू कधी जाते आहेस. ती म्हणाली, "तू भाव सांग, मग ठरवते." मग प्रश्न हळूहळू टोकदार होत गेले. हॉटेल कुठलं, रोजचं किती, जेवण धरून की वेगळं. आणि शेवटी तो आला, ज्याची मला भीती होती: "काकूंचं कोण करतंय? भाऊ?"

मी अडकले होते. मी करते म्हटलं तर ते मंगळवारच्या भजनात आईच्या कानावर गेलं असतं. भाऊ करतो म्हटलं तरी तिथेच गेलं असतं, आणि आईला आपल्या मुलाची परिस्थिती ठाऊक होती. ऑफिस करतं म्हणावं, तर ही बिलं पास करणारा विभाग आमच्या टेबलापासून दहा पावलांवर बसायचा. म्हणून मी काहीच बोलले नाही, डबा बंद करून उठले. ही माझी चूक झाली. त्या टेबलावर एखादा खोटा आकडा खपून गेला असता. न सांगणं कधीच खपत नव्हतं. भाव लपवला म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे तिथलं साधं गणित होतं.

मुलुंडचीने मग सरळ आईलाच विचारलं. आई कौतुकाने म्हणाली, "सगळं ऑफिसच देतंय माझं." ते वाक्य दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आमच्या टेबलावर पोचलं आणि सव्वा वाजता बिल विभागात.

बिल विभागात एक कारकून होते, नियमांचं पुस्तक पाठ असलेले. मी पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांनी मला चार माणसांत गाठलं. "मॅडम, आई मुलुंडला असतात ना तुमच्या? मग डिपेंडंट कशा दाखवल्या?" मी म्हटलं, दाखवलेल्या नाहीत, फॉर्म तुमच्याकडेच आहे, बघा. ते म्हणाले, फॉर्म साहेबांकडे गेलाय. मला कळेना की हा माणूस मला चोर म्हणतो आहे की नुसता नियम सांगतो आहे. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. त्यांनी माझ्यासमोर फॉर्म वाचला, चार नावं मोजली आणि म्हणाले, "यात काही चूक नाही. पण मग बाहेर हे काय चाललंय?" काय सांगणार? माझ्या आईने मुलीच्या पैशाने प्रवास करू नये असा तिचा नियम आहे, हे मी साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहून सांगू शकले नाही. घरगुती गैरसमज आहे एवढंच म्हटलं. ते म्हणाले, तो मिटवा.

त्या दुपारी टेबलापाशी मी गेले तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मला तो गप्पपणा सहन झाला नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी ऑफिसचा एक कागद घरी नेला नव्हता. मी उभ्यानेच म्हटलं, "आईचं तिकीट मी काढलंय. माझ्या पगारातून. ऑफिसचा एक पैसा नाही त्यात. झालं समाधान?"

मग मुलुंडची म्हणाली, "मग हे आधी सांगायचंस ना गं. आम्ही काय खाणार होतो तुला?"

मी तिला बाजूला घेतलं, सगळं सांगितलं आणि हात जोडले. आईला कळू देऊ नकोस, कळलं तर ती येणार नाही. ती म्हणाली, "वेडी आहेस का? मी कशाला सांगू?" तेव्हा ती खरंच बोलत होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

आठवड्याने भावाचा ऑफिसात फोन आला. आईचे गुडघे फार दुखतायत, ती येत नाही म्हणते. मी अर्धी रजा टाकली आणि पवईवरून जाणारी बस पकडून मुलुंडला गेले. त्या तासाभरात मी मुलुंडचीला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे कळलं ते असं: आमच्या ऑफिसातली कुजबुज भजनी मंडळापर्यंत पोचली होती. तिथे कुणीतरी म्हणालं की हिच्या मुलीने ऑफिसला फसवून आईचं तिकीट काढलं. तेव्हा मुलुंडची ताडकन म्हणाली, काही फसवलेलं नाही, बिचारीने स्वतःच्या पगारातून काढलंय. आई समोरच बसलेली होती. माझं नाव वाचवायला मुलुंडचीने ते सांगितलं. म्हणजे मला तिच्यावर धड रागावताही येईना.

मी पोचले तेव्हा आई शेजारणीकडून आणलेला स्वेटर घडी घालून पिशवीत ठेवत होती. मी विचारलं, गुडघे दुखतायत का. म्हणाली, ते रोजच दुखतात. मग तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं, कारण भाऊ बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता.

"आई, तिकीट काढून झालंय."

"कळलं मला. कुणी काढलं तेही कळलं."

मी म्हटलं, मी कमावते, मी आईला कुठे नेलं तर काय बिघडलं. ती अगदी हळू बोलली.

"तू नेलंस त्यात काही बिघडत नाही गं. त्याने नेलं नाही हे दिसतं, ते बिघडतं. तिथे बायका लगेच विचारायला लागल्या, मुलगा काय करतो म्हणून. ऑफिस देत होतं तोवर कुणाचंच नाव नव्हतं."

मी खूप बोलले. पैसे सावकाश परत कर म्हटलं, भावाला मी समजावते म्हटलं, भजनाला दोन महिने जाऊ नकोस असंही म्हटलं. तिने ऐकून घेतलं. चहा केला. मग म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणून तू विचारलं नाहीस. मी रागावले नाहीये."

"आणि हिमालय?"

"तो आहे तिथेच आहे."

आम्ही चौघे गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं निघालं आणि बर्फाची सगळी रांग दिसली. तुमचे बाबा आणि आत्या नाचत होते, आणि मी त्या डोंगरांकडे बघत मनात त्या जेवणाच्या टेबलाशी भांडत होते. इतक्या वर्षांनी सांगते, नैनीताल मला नीट आठवतच नाही. परत आल्यावर आईने बारीकसारीक विचारलं. शिखरं किती दिसली, बर्फ पांढरा दिसतो की निळसर, उन्हात डोळे दिपतात का. मला त्यातलं निम्मं सांगता आलं नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

ऑफिसात पहिल्याच दुपारी मुलुंडचीने विचारलं, "मग, शेवटी किती पडले?" मी रुपयापर्यंत सगळं सांगितलं, हॉटेलचा पत्ताही लिहून दिला. पुढच्या मे महिन्यात टेबलावरच्या दोघी आपापली कुटुंबं घेऊन तिथेच जाऊन आल्या आणि जेवण चांगलं होतं म्हणून माझे आभार मानले. मी बरंय म्हटलं. मुलुंडचीला आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नाही, आणि मीही तिला ते कधी समजावलं नाही. समजावणार तरी काय?

भावाचा कारखाना पुन्हा उघडला नाही. त्याला पुढे मरोळला नोकरी लागली, पण आधीच्यापेक्षा कमी पगाराची, आणि आईला कुठे न्यायचं राहूनच गेलं. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ती म्हणाली, आता चढ झेपत नाही.

तेव्हा बाळ, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे छानसं उत्तर नाही. मी सगळी उत्तरं करून पाहिली होती. आकडा तुझ्या एकटीचा असेल तर सांगून टाक आणि मोकळी हो. दुसऱ्या कुणासाठी तो लपवत असशील, तर त्या माणसाला मात्र आधी खरं सांग, ते नाही म्हणालं तरी.

आई गेल्यावर भावाने तिची ट्रंक माझ्याकडे दिली. लुगड्यांच्या खाली तिच्या हाताने लिहिलेली त्या प्रवासाच्या सामानाची यादी निघाली. लोकरी मोजे, कानटोपी, सुंठ, वेखंड, चष्म्याचं जास्तीचं घर, आणि शेवटी "दुर्बीण, खालच्या मजल्यावरून मागून घेणे". पहिल्या चार वस्तूंपुढे खुणा केलेल्या आहेत. ती यादी माझ्या कपाटात आहे. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते.